“पडदा ठीक आहे” म्हणाले, तरी कानात शिट्टी का वाजतेय?

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात राहतो, थोडी हापूसची आणि काजूची कलमं आहेत. माकडांनी नुसता वैताग आणलाय म्हणून मिस्टरांनी ती पाइपची कार्बाइडवाली बंदूक आणली. गेल्या गुरुवारी दोनदा लायटर दाबूनही बार झाला नाही म्हणून पाइप वळवून बघायला गेले आणि तेवढ्यात बार झाला, डाव्या कानापासून जेमतेम हातभर लांब. तेव्हापासून त्या कानात सारखी शिट्टी वाजतेय आणि दडे बसल्यासारखं वाटतंय. गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून बघितलं, पडदा ठीक आहे म्हणाले, थेंब दिले. सासूबाई म्हणतात लसणीचं कोमट तेल घाला. यांच्या मित्राने मोबाईलवर ॲपने बंदुकीचा आवाज मोजला तर ९८ डेसिबल आला, डीजे तर याच्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे हे म्हणतात उगाच शहरात चकरा कशाला, होईल आपोआप. आमचा ६ वर्षांचा मुलगा पण बार बघायला यांच्या बाजूलाच उभा असतो. आठ दिवस झाले, काय करू?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर

ताई, आधी काम, मग गप्पा. उद्या सकाळी त्यांना घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या शहरातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, आणि कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, झाल्याशिवाय परत येऊ नका. परवा नाही, रविवारनंतर नाही, उद्या. बाकीचं पत्र एसटीत बसून वाचलंत तरी चालेल.

एवढी घाई का करतेय ते सांगते. मोठ्या बाराने आतला कान दुखावला असेल तर त्याला काही औषध द्यायचंय की नाही हे ठरवायला पहिले काही दिवसच हातात असतात. डॉक्टर साधारणपणे स्टिरॉइडचा छोटा कोर्स देतात, कधी गोळ्या, कधी पडद्यातून आत इंजेक्शन, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकी आशा जास्त. दोन आठवडे उलटले की फायद्याची शक्यता झपाट्याने कमी होत जाते, तुमचे आठ दिवस गेलेतच. खोटी आशा मात्र लावत नाही हां, हे औषध सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, काहींचं ऐकणं औषधाशिवायही सुधारतं, काहींचं औषध घेऊनही नाही सुधारत. पण “आठ दिवस थांबून बघू” म्हणत जे पेशंट दोन महिन्यांनी येतात त्यांच्यासाठी माझ्याकडे कानाला लावायच्या मशीनच्या बाहेर फार काही उरलेलं नसतं. आणि मेडिकलवाल्याकडून स्टिरॉइड आणून आपल्या मनाने सुरू करू नका प्लीज, मिस्टरांना शुगर, बीपी, पोटात अल्सर, पूर्वी टीबी असं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, शुगर तर यात हमखास वाढते.

आता “पडदा ठीक आहे” याबद्दल. तुमच्या डॉक्टरांनी काही चुकीचं सांगितलं नाही. बॅटरी लावून जे दिसतं ते त्यांनी बघितलं आणि तेवढंच सांगितलं. घोटाळा पुढे होतो, आपण ऐकतो “पडदा ठीक” आणि समजतो “कान ठीक”. अहो, दाराची कडी शाबूत आहे म्हणून घरात चोरी झालीच नाही असं म्हणतो का आपण? पडदा म्हणजे दार. त्याच्या मागे तीन इवलीशी हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब, आणि त्यांच्याही मागे, कवटीच्या हाडात रुतलेला, गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा आतला कान. आकाराने वाटाण्याएवढा म्हणा. ऐकण्याचं खरं काम तिथे चालतं आणि तिथे कुठल्याच डॉक्टरची बॅटरी पोचत नाही. दिलेले थेंबही पोचत नाहीत, ते पडद्याच्या अलीकडेच राहतात. सासूबाईंचं तेलही तिथे पोचणार नाही, शिवाय पडद्याला बारीकशी चीर असली आणि ती बॅटरीत सुटली असली तर तेल मध्यकानात जाऊन नवीनच भानगड उभी राहील. लसूण फोडणीत घाला, कानात तेल नाही, पाणी नाही, इअरबड नाही, काडी तर नाहीच नाही. तपासणी होईपर्यंत आंघोळीच्या वेळी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून कानाच्या तोंडाशी ठेवा, एवढं पुरे.

खरं तर पडदा फाटणं हे एकवेळ परवडलं असं मी म्हणते. बाराने पडद्याला पडलेली लहान भोकं बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतात, नाही भरली तर ऑपरेशन करून भरता येतात. आतल्या कानातल्या केसपेशींना टाका घालता येत नाही.

या केसपेशी काय प्रकार आहे ते जरा समजून घ्या, म्हणजे मिस्टरांना समजावता येईल. त्या शंखात पाण्यासारखा द्रव असतो आणि त्यात एका लांब पट्टीवर ओळीने केसपेशी उभ्या असतात, एका कानात साधारण १५ हजार. इतक्याच आयुष्यभरासाठी मिळतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक केसांचा तुरा, आवाजाने द्रव हलला की तुरा झुकतो आणि मज्जातंतूला संदेश जातो. तुम्ही कोकणातल्या, तेव्हा आडवं झालेलं भात बघितलं असेल. मामुली वारा आला तर शेत डोलतं आणि परत उभं राहतं, जरा जोराचं वादळ आलं तर आडवं होतं पण दोन दिवसांनी बरंचसं उठतं, आणि खरंच मोठं आलं की मुळासकट जातं. केसपेशींचंही हेच, फरक एवढाच की भात पुढच्या जूनला पुन्हा लावता येतं, माणसात केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात बरं का! पक्ष्यांच्या मेलेल्या केसपेशी नव्याने तयार होतात हे १९८० च्या दशकातच शास्त्रज्ञांना कळलं, तेव्हापासून जगभर लोक डोकं खाजवतायत की हे माणसात कसं जमवायचं, अजून औषध म्हणून काही हाती आलेलं नाही. म्हणजे तुमच्या अंगणातली कोंबडी या बाबतीत तुमच्या मिस्टरांपेक्षा नशीबवान.

आता डीजेचा मुद्दा. डीजेची बाजू मी घेत नाहीये, मिरवणुकीनंतरच्या आठवड्यात माझी ओपीडी कशी भरते ते मला माहीत आहे. पण डीजे आणि बार यांची इजा करायची पद्धत वेगळी. डीजे, कारखान्यातली मशीन, रोजचा ढोल, हे पेशींना दमवून दमवून मारतात, तास मोजावे लागतात. बार एका झटक्यात काम करतो. हवेचा दाब एकदम उभा चढतो आणि एक-दोन मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागांत, सगळा खेळ संपतो. निसर्गाने कानाला एक संरक्षण दिलंय, मोठा आवाज आला की आतला एक चिमुकला स्नायू, शरीरातल्या सर्वांत लहान स्नायूंपैकी एक, रिकिबीला मागे खेचून धरतो, आवाज थोडा अडतो. पण त्या स्नायूला जागं व्हायला फार पटापट म्हटलं तरी २५ मिलिसेकंद लागतात, बऱ्याचदा १०० च्या वर. तो उठेपर्यंत बार होऊन गेलेला असतो, चोर पळून गेल्यावर शिट्टी फुंकणाऱ्या वॉचमनसारखं. आणि १४० डेसिबलच्या आसपास आणि त्याच्या वर गेलं की मामला दमण्याचा राहतच नाही, ती पट्टीच आतून फाटू शकते, केसपेशी जागेवरून उपटल्या जातात.

डेसिबलचं गणित लोकांना फसवतं म्हणून तेही सांगून टाकते. हे आकडे किलो-लिटरसारखे सरळ वाढत नाहीत. ३ डेसिबल वाढले की ऊर्जा दुप्पट होते, १० वाढले की दहापट, २० वाढले की शंभरपट. ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास काम केलेलं चालतं असं साधारण मानतात. याच हिशोबाने वर चढत चढत १४० ला पोचलात तर ते अख्खे ८ तास सेकंदाच्या दहाव्या भागात संपतात. पूर्ण दिवसाची ड्यूटी, एका चुटकीत! आणि बाराच्या बाबतीत हे गणितही सौम्यच म्हणायचं, कारण फाटलेल्या गोष्टीला ऊर्जेची सरासरी लागू होत नाही.

मग मोबाईलवर ९८ कसे आले? कारण मोबाईलचा माईक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. एवढा मोठा आणि एवढा क्षणिक दाब आला की तो तुंबतो, वरचा भाग कापूनच टाकतो, आणि ॲप त्या कापलेल्या आवाजाचीही सरासरी काढून दाखवतं. पावसाळ्यातला पाऊस चहाच्या कपाने मोजण्यासारखं आहे ते, कप भरला की पुढचं सगळं बाहेर. बाराचा आवाज मोजायला वेगळं मीटर आणि वेगळा माईक लागतो. तुमच्या पाइपचा बार नेमका किती ते मीटर लावल्याशिवाय मी सांगणार नाही, पण तुलना म्हणून बघा, आपल्याकडे फटाक्यांचा जो नियम १९९९ पासून आहे त्यात फटाका फुटल्याच्या जागेपासून ४ मीटरवर एका पद्धतीने मोजलं तर १२५ डेसिबल किंवा शिखर-पातळीत, म्हणजे दाब सर्वांत वर असतो त्या क्षणी, मोजलं तर १४५ डेसिबल याच्या वर आवाज नको असं म्हटलंय. चार मीटरवर! अंतर निम्मं झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे नियमात बसणारा फटाका सुद्धा एका मीटरवर १२ ने जास्त. आणि मिस्टरांचा कान होता हातभर लांब.

पण मी म्हणते आकडा जाऊदे, त्यांच्या कानानेच रिपोर्ट दिलाय की. मोठ्या आवाजानंतर शिट्टी वाजणं आणि दडे बसणं म्हणजे कानाला मार बसल्याची खूण, ॲप काहीही म्हणो.

आता घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगते, आत्ता मोबाईल खाली ठेवून तुम्हीच करून बघा. ओठ मिटा आणि गुणगुणल्यासारखा “म्म्म्म” असा सलग आवाज काढा. दोन्ही कानांत सारखाच घुमतो ना? आता उजव्या कानात बोट घाला आणि परत “म्म्म्म” करा. आवाज उजवीकडे सरकला, बरोबर? म्हणजे जो कान बाहेरून बुजलेला असतो त्यात स्वतःचं गुणगुणणं जास्त ऐकू येतं. आता हेच मिस्टरांना करायला सांगा, बोट न घालता. त्यांना डाव्या कानात दडे बसल्यासारखं वाटतंय, तेव्हा खरोखर मळ किंवा पडद्याचा दोष असेल तर “म्म्म्म” डावीकडे घुमायला हवं. पण ते चांगल्या, उजव्या कानाकडे गेलं तर समजायचं की दडे वगैरे काही नाहीत, आतला कान किंवा मज्जातंतू मार खाऊन बसलाय. आम्ही हेच ५१२ हर्ट्झचा (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका सूर वरचा) चिमटा, म्हणजे ट्युनिंग फोर्क, कपाळावर टेकवून करतो. ही तपासणी नव्हे हां, नुसता अंदाज, आणि “म्म्म्म” दोन्हीकडे सारखं आलं म्हणून शहरात जायचं रद्द करू नका.

ऑडिओमेट्रीत काही दुखत नाही. काचेच्या छोट्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, बीप ऐकू आली की बटण दाबायचं, वीस मिनिटं, अर्धा तास. एक कागद मिळतो आलेखाचा. तो हातात आला की ३०००, ४००० आणि ६००० हर्ट्झच्या खाली काय दिसतंय ते बघा. मोठ्या आवाजाने बिघडलेल्या कानात रेघ तिथे खाली घसरते आणि ८००० ला परत थोडी वर येते, सह्याद्रीत खिंड दिसावी तशी खाच. याचं कारण कानाच्या नळीच्या लांबीतच आहे, ती नळी ३००० च्या आसपासचे सूर आपोआप मोठे करून आत पाठवते, म्हणून त्याच्या जरा वरच्या भागातल्या पेशींना सगळ्यात जास्त फटका बसतो. टेक्निशियनला ३००० आणि ६००० तपासायला मुद्दाम सांगा, घाईत कधीकधी हे दोन गाळतात आणि बाराची खाच नेमकी तिथेच लपते.

या खाचेचं लोकांना काही वाटत नाही कारण माणूस बहिरा होत नाही, त्याला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. माझ्याकडे एक काका यायचे, आयुष्यभर विहिरींना सुरुंग लावायचं काम केलेले. ते म्हणायचे, “बाई, मला ऐकायला येतं, लोकच हल्ली पुटपुटतात.” स, श, च, ट, क असल्या अक्षरांचा बारीक भाग वरच्या सुरांत असतो, तोच गेला की बायको “चहा” म्हणते आणि याला “दहा” ऐकू येतं, मग “दहा काय?” आणि मग भांडण. काकांच्या घरात तीस वर्षं ही भांडणं स्वभावाच्या खात्यावर जमा होत होती. आलेख दाखवला तेव्हा काकू माझ्यासमोर रडल्या, म्हणाल्या मला वाटायचं हे मुद्दाम करतात. आता त्यांच्याकडे मशीन आहे, घालतात, काढतात, कुरकुर करतात, सगळं नॉर्मल चाललंय.

ही काही आजकालची गोष्ट नाही. ग्लासगोमध्ये थॉमस बार नावाच्या डॉक्टरने १८८६ मध्ये बॉयलर ठोकणारे १०० कामगार तपासले, त्यातल्या एकाचंही ऐकणं नॉर्मल नव्हतं. हातोडीचा एकेक घाव म्हणजे छोटा बारच. आडनाव बार आणि विषयही बार, असो. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतून कधी गेला असाल तर तो ठोक्यांचा आवाज आठवत असेल, बाहेरच्याला नाद म्हणून छान वाटतो, आत बसून रोज तो करणाऱ्याचे कान तपासा म्हणजे कळेल. कारखान्यात कामामुळे कान गेला तर तो आपल्या कायद्यात व्यवसायजन्य आजार धरला जातो, भरपाईही मागता येते, शेतात स्वतःच्या बंदुकीने गेला तर कोणाकडे मागणार?

रिपोर्ट नॉर्मल आला तर? तर देवाला नारळ वाढवा, पण पाइप परत खांद्याला लावू नका. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग केला, मोठा आवाज ऐकवला, काही दिवसांत उंदरांची चाचणी नॉर्मल आली, केसपेशी जागच्या जागी, सगळं ठीक. पण आत बघितलं तर काही भागात केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले जवळपास निम्मे जोड तुटलेले, आणि ते परत आले नाहीत. म्हणजे शांत खोलीत बीप ऐकू येते पण लग्नाच्या पंगतीत समोरचा काय बोलतो ते कळत नाही असे जे लोक आमच्याकडे येतात त्यांच्या बाबतीत काहीतरी असंच झालं असावं असा अंदाज आहे. माणसात हे मोजायची साधी सोपी चाचणी अजून नाही. म्हणून “एकदा झालं, बरं पण झालं” याला मी बरं झालं म्हणत नाही.

शिट्टीचं म्हणाल तर ती कमी होण्याची शक्यता चांगली आहे, पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांची विरत जाते. तोवर रात्री अगदी शांत खोलीत झोपू नये, पंखा चालू ठेवा, नाहीतर रेडिओ बारीक लावा, शांततेत शिट्टी डोक्यावर बसते. आतून संदेश कमी यायला लागले की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, त्याचाच हा आवाज असतो असं साधारण समजतात. “शिट्टी १०० टक्के घालवतो” म्हणून युट्यूबवर जे थेंब, गोळ्या, कानामागचे पॉइंट विकतात त्यांना एक रुपया देऊ नका. आणि हे आठवडे कानाला आराम, म्हणजे लाकूड कापायचं मशीन नको, वरात नको, इअरफोन नको. महिन्याभराने पुन्हा ऑडिओमेट्री, मग तीन महिन्यांनी एकदा, तेव्हा जे उरलेलं असेल ते बहुतेक कायमचं धरून चालायचं.

चक्कर येत असेल, घर फिरल्यासारखं वाटत असेल, कानातून रक्त किंवा पाणी येत असेल, चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा दिसत असेल, किंवा त्या कानाने फोनवरचं काहीच ऐकू येत नसेल तर उद्याची पण वाट बघू नका, आजच रात्री.

आता मुलगा. ताई, खरं सांगू, पत्रातलं हे वाक्य वाचून माझ्या पोटात गोळा आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात बारासारख्या आवाजाची शिखर-पातळी मोठ्यांसाठी १४० डेसिबल आणि मुलांसाठी १२० सांगितलीय. २० चा फरक म्हणजे काय ते वर सांगितलंच, शंभरपट. आणि ६ वर्षांचं पोर कान वाजतोय म्हणून तक्रार करत नाही, त्याला वाटतं सगळ्यांचेच वाजतात. त्याचीही ऑडिओमेट्री उद्याच करून घ्या, सहा वर्षांचं मूल बटण दाबायचा खेळ छान खेळतं. आणि कानाचं एकवेळ बाजूला ठेवा, हे कार्बाइड म्हणजे तेच ज्याने आंबे पिकवायला बंदी आहे, पाणी लागलं की त्यातून ॲसिटिलीन वायू सुटतो आणि लायटरच्या ठिणगीने तो पेटतो. बार झाला नाही याचा अर्थ पाइप रिकामा आहे असा होत नाही, वायू आत साठत राहतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या ठिणगीला सगळा एकदम उडतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशात इतरत्र याच पाइपांनी कितीतरी मुलांचे डोळे भाजले, त्यात बरेचजण असेच “का उडाला नाही” म्हणून आत डोकावलेले. मिस्टरांनी पाइप कानाच्या बाजूला वळवला हे त्यांचं नशीब, तोंडासमोर असता तर आज तुम्ही मला नाही, डोळ्यांच्या डॉक्टरला पत्र लिहीत असता.

माकडांचं काय करायचं ते मला विचारू नका, तो माझा विषय नाही, माझ्या माहेरी पण फणस माकडंच खातात. पण बार कुठल्याही कारणाने कानाशी येणार असेल, मग तो सुरुंग असो, ठासणीची बंदूक असो, दिवाळीचा सुतळी बॉम्ब असो, तर कानात कापूस घालून भागत नाही, कापसातून आवाज सरळ जातो. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन फोमचे इअरप्लग मिळतात, चहा-वड्याच्या पैशात जोडी. त्यात मेख अशी की दहातले आठ लोक ते बूच लावल्यासारखे नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात. आधी बोटांत फिरवून दोऱ्यासारखा बारीक करायचा, मग दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते, मग प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने दाबून धरायचा. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा आला की बसला नीट. त्यावर रस्ता फोडणारे घालतात तसले मोठे इअरमफ घातले तर उत्तमच. आणि काहीच हाताशी नसेल तर दोन्ही कानांत बोटं घाला, हे चांगलं काम करतं, यात लाजण्यासारखं काही नाही, देवळालीला तोफा चालवायला शिकणारे जवान पण कान झाकूनच उभे राहतात, आणि त्यांना कोणी भित्रे म्हणत नाही.

जाण्याआधी रुग्णालयात फोन करून विचारा की कान-नाक-घशाची ओपीडी उद्या आहे का आणि ऑडिओमेट्रीचं मशीन चालू आहे का, दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. नसेल तर खासगीत जा, पण उद्याच. आणि फोन तुम्हीच करा, मिस्टरांनी केला तर डाव्या कानाला लावतील आणि “सोमवारी” ऐकून घरी बसतील.